नऊ नंबरचं पत्र

अर्नीला वागायची रीत म्हणून नव्हतीच. माणूस साठीला आला, पण शनिवारी बहिणीकडे जेवायला येताना बूट दारात काढायचे, एवढं त्याला जन्मात कळलं नाही. यायचं ते चिखल घेऊन. आल्याबरोबर टेबलावर कात्रणांची वही पसरायची, गोंदाची बाटली मिठाच्या भांड्याला टेकवायची आणि तोंडात घास असताना रविवारच्या संघावर भाषण ठोकायचं. आयव्ही ओल्डरॉइडने हे त्याला हजारदा सुनावलं होतं. सुनावून तिचा घसा बसला, त्याचे कान मात्र तसेच.

आणि आज तर तो आलाच नाही. निरोप नाही, काही नाही. मांस ओव्हनमध्ये वातड होत चाललं होतं, पुडिंग फुगून पुन्हा बसलं होतं.

"येणार नव्हता तर सांगायला जीभ झडली होती का?" ती ओव्हनला म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात सार्जंट हॉइल उभा होता. टोपी काखेत. एका हातात कागदी पिशवी, दुसऱ्या हातात ग्लेनच्या पोरीचा, सहा वर्षांच्या कर्स्टीचा हात. पिशवीतून पोरीच्या झोपायच्या झग्याची बाही बाहेर लोंबत होती.

"आयव्ही मावशी, ग्लेनला नेलं," तो म्हणाला.

"कुणी?"

"कोर्टाच्या माणसांनी. काचेच्या कारखान्याच्या फाटकावर, सकाळची पाळी सुटताना. जाताना एवढंच म्हणाला, पोरीला आयव्हीकडे द्या."

आयव्हीने आधी पोरीला आत घेतलं, चुलीजवळ बसवलं आणि अर्नीचं ताट तिच्यापुढे सरकवलं. मग तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"आता बोल. आणि हळू बोल."

हॉइल बोलला. त्यातलं निम्मं तिला ठाऊकच होतं. ग्लेन पिकर्सगिल सहा हंगाम क्रॅगथॉर्पच्या रग्बी संघाचा नऊ नंबर होता. बायको घर सोडून स्कॉटलंडला गेली, आणि पोर कुणाकडे राहायची यावरून दोन वर्षं कोर्टात चाललं. पोर ग्लेनला मिळाली. वकिलांचं बिलही मिळालं, अकराशे चाळीस पौंडांचं. ते थकलं, आणि ज्या वकिलांनी त्याच्या बाजूने भांडून पोर मिळवून दिली त्यांनीच त्याला कोर्टात खेचलं. पहिल्या तारखेला तो बरगडी मोडून इस्पितळात पडला होता. जज्जाने एकवार माफ केलं. पुढची तारीख पत्राने कळवू म्हणाले, पण तेव्हा स्वतः हजर राहिला नाहीस तर चौदा दिवस आत.

"ती तारीख परवा होती. गुरुवारी," हॉइल म्हणाला. "हा गेलाच नाही."

"त्याला तारीख माहीत असती तर तो आदल्या रात्रीच पायरीवर जाऊन बसला असता."

"कोर्ट म्हणतं, पत्र पोचलंय. त्याने वर्षात तीन खोल्या बदलल्या, म्हणून पत्ता क्लबचा दिला होता. अकरा दिवसांपूर्वी, मंगळवारी, कोर्टाच्या माणसाने क्लबच्या दारावर सही घेऊन पत्र दिलं."

"सही कुणाची?"

हॉइलने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तुमच्या भावाची. पण त्याचं काय, तो तर दारवान. येईल ते पत्र घेतो आणि खणात टाकतो. खणाला कुलूप नाही. ग्लेनने पत्र पाहिलं आणि तोंड चुकवलं, असं जज्जांना वाटतंय."

"आणि तुला?"

"मला वाटून काय उपयोग? सोमवारी सकाळी दहाला जज्ज पुन्हा बसणार. पत्र त्याच्या हातात पोचलंच नाही हे कुणी दाखवलं तर सुटेल. नाही तर चौदा दिवस." त्याने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मावशी, तिच्या आईच्या वकिलाचा फोन येऊन गेला. बाप तुरुंगात गेला की पोरीला न्यायला येतायत. एकदा तिकडे गेली की..."

त्याने वाक्य सोडून दिलं.

---

ग्लेनने तोंड चुकवलं नव्हतं. हे आयव्हीला देवापेक्षा जास्त ठाऊक होतं.

ती क्लबच्या जर्स्या धुवायची. नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं. महिन्यापूर्वी ग्लेन बॉयलरच्या खोलीत येऊन पालथ्या टबावर बसला होता आणि खाली बघत बोलला होता. हल शहरातला मोठा क्लब त्याला मे महिन्यात घेणार. वकिलांचं सगळं बिल तेच भरणार, तसं लिहूनही देणार. तो कागद तारखेला घेऊन या, जज्ज प्रकरण मिटवतील, असं बिल मागणारा वकीलच म्हणाला होता. कोर्टाचं तारखेचं पत्र त्याच्याच कचेरीतून जायचं, त्यातच तशी चिठ्ठीही घालतो म्हणाला होता.

"कुणाला सांगू नकोस मावशी," ग्लेन म्हणाला होता. "मला, तुला आणि वकिलाला, तिघांनाच माहितीय. इथं कळलं तर माझ्या खिडकीची एक काच शाबूत राहायची नाही."

तिने सांगितलं नव्हतं. तिच्या पोटात गेलेली गोष्ट थडग्यात गेल्यासारखी असते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

ज्या माणसाची सुटका त्या तारखेत होती, तो तारीख चुकवेल?

तिने डोक्याला रुमाल बांधला, कर्स्टीला शेजारच्या एल्सीकडे ठेवलं आणि निघाली. धुकं इतकं खाली आलं होतं की गिरणीची चिमणी अर्धीच दिसत होती. कालव्याचं पाणी काळं, हलत नव्हतं. पुलावर दोन माणसं बोलत उभी होती. ती जवळ येताच गप्प झाली. बातमी तिच्या आधी पोचली होती.

क्लबच्या बोळात भिंतीवर पत्रांचे खण होते. लाकडी, पंधरा, प्रत्येकावर नंबर रंगवलेला. इथे माणसाला नावापेक्षा नंबरने ओळखायची रीत. गुरुवारी संध्याकाळी प्रशिक्षक रविवारची यादी लावायचा, आणि यादी लागली की अर्नी शिडीवर चढून खणांखालच्या नावांच्या पट्ट्या बदलायचा. ज्याला जो नंबर, त्याला तो खण. त्याची पत्रं, त्याची तिकिटं, आयव्हीने गुंडाळलेले त्याचे मोजे, सगळं त्यातच.

तिला वाचायला वेळ लागायचा. चौथीत आईने शाळेतून काढून लहानग्या अर्नीला सांभाळायला बसवली होती. पण या पट्ट्या तिला बोट न लावता वाचता यायच्या.

नऊ: नील टॅटरसॉल. तेरा: ग्लेन पिकर्सगिल.

सहा हंगाम नऊवर एकच नाव होतं. ते परवाच हललं.

---

परवाचा गोंधळ तिने स्वतः ऐकला होता. गेल्या रविवारी तेरा नंबरच्या डग्लसचं गळ्याचं हाड मोडलं. त्याच्या जागी कोण, यावर चार दिवस गाव भांडलं. गुरुवारी यादी लागली आणि बारमध्ये आरडाओरडा सुरू झाला.

"ग्लेन तेरावर?" मासे तळणारा सिडनी ओरडला. "मग मला नेऊन चर्चच्या ऑर्गनवर बसवा!"

"तुझ्या वासाने देव पळून जाईल," कुणीतरी म्हणालं.

"नऊवर उभा कसा राहणार तो? एका हातात चेंडू, दुसऱ्या हातात वकिलाचं बिल!"

"वकिलाला बघून पळतो तसा पळाला ना, तर थेट रेषेपलीकडे. कोण धरतंय त्याला!"

"दात काढू नका," बस चालवणारा म्हातारा गरजला. "पोरीसाठी लढला तो. तुमच्या बापांनी तुमच्यासाठी साखळीचं कुत्रं तरी सोडलं असतं का?"

"पण डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाचं खेळात लक्ष लागतं का, ते सांगा. टॅटरसॉलच्या पोराला घेतलं ते बरंच केलं."

"टॅटरसॉलचा बाप कमिटीवर आहे म्हणून घेतलं!"

मग अर्नीने ग्लास टेबलावर आपटला होता. बियर टेबलभर सांडली.

"खेळवतायत कुठं त्याला! मिरवतायत!" त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "तेरावर माणूस मोकळा पळताना दिसतो. बाजारात घोडा पळवून दाखवतात ना, तसा. गिऱ्हाईक बघायला येणाराय!"

"कसलं गिऱ्हाईक, अर्नी? त्याला फुकट कोण घेईल?"

सगळे हसले. अर्नी हसला नाही. अर्धा ग्लास तसाच टाकून तो निघून गेला. बियर टाकून जाणारा अर्नी आयव्हीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

---

गॉर्डन टॅटरसॉल कमिटीच्या खोलीत बसला होता. जाडजूड, उभा राहिला तर दार अडवेल असा. तिला पाहताच तो उठला. तिला पाहून सगळेच उठायचे.

"मिसेस ओल्डरॉइड, तुम्ही कशाला आलात ते मला माहीत आहे. सकाळपासून लोक माझ्याकडे त्याच नजरेने बघतायत."

"मग उत्तर तयार असेल. पत्र नऊच्या खणात आलं. नऊवर आज तुझा नील आहे. ग्लेन बाजूला झाला तर तुझा नील कायमचा नऊवर."

"पत्र आलं तेव्हा नील नऊवर नव्हता!"

"तू तर कमिटीवर होतास. बोळातून दिवसातून दहादा जातोस."

"त्या आठवड्यात मी इथं नव्हतोच. बायकोच्या छातीच्या दुखण्यासाठी समुद्रकाठी, स्कारबरोला होतो. सोमवार ते रविवार. खानावळीची बाई सांगेल."

"आणि नील?"

"तो राखीव संघात होता. त्याला कुठला आला खण? आतल्या बोळात पाय ठेवायचीही परवानगी नसते त्यांना."

हे खरं होतं. राखीव संघाच्या जर्स्या वेगळ्या टोपलीत येत, आणि त्या आठवड्यात नीलची जर्सी आयव्हीने त्या टोपलीतूनच काढली होती. कोपरावर शेण लागलेली.

"ग्लेनला तेरावर घ्यायचं कधी ठरलं?"

"गुरुवारीच. पाचच्या सरावात. मला सहाला कळलं. नीलला सांगितलं तर त्याने जेवलेलं ओकून टाकलं भीतीने." टॅटरसॉलने हात टेबलावर पालथे ठेवले. "बाई, माझा पोरगा संघात यावा म्हणून मी चार माणसांना बियर पाजलीय. ते कबूल. पण एका बापाकडून त्याची पोर जावी म्हणून मी काही केलं असेल असं वाटत असेल, तर आत्ता थोबाडीत मारा."

आयव्हीने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"बियर पाजलीस त्याबद्दल मारायला हवी," ती म्हणाली. "नंतर बघू."

---

अर्नी मैदानाच्या फिरत्या फाटकाला तेल घालत होता. धुक्यात आधी त्याचा खोकला ऐकू आला, मग तो दिसला.

"जेवायला का नाही आलास?"

"भूक नव्हती."

"पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा." ती त्याच्यासमोर उभी राहिली. "ग्लेनचं कळलं?"

"कळलं."

"त्यावर काही बोलायचं नाही तुला? तुझा ग्लेन. त्याचा प्रत्येक सामना, प्रत्येक कात्रण, त्याने फेकलेली बुटाची नाडीसुद्धा तुझ्या वहीत डकवलेली आहे."

"काय बोलू?" त्याने तेलाचं डबडं हलवलं. "वाईट झालं."

"पत्र तू घेतलंस?"

"हो. सही केली. लपवतो कुठं?"

"कसलं होतं?"

"खाकी लिफाफा. खिडकीवाला. मी काय उघडतो का लोकांची पत्रं?"

"मग कुठं ठेवलंस?"

"त्याच्या खणात. आणखी कुठं ठेवणार? आल्याबरोबर, याच हाताने ठेवलं."

"कुठल्या खणात, अर्नी? मला नीट सांग. सोमवारी जज्ज तुलाही विचारेल."

"तेरात," तो चिडून म्हणाला. "वरून दुसरी ओळ, कडेचा. तिथून कुणी उचललं असेल तर त्याला मी काय करू? त्यानेच बघितलं नसेल."

वाळत घातलेल्या चादरीकडे पाहावं तशी आयव्ही भावाकडे पाहत राहिली. ओली आहे का, वाळली का.

"यादी बघून तुला काय वाटलं होतं परवा?" तिने सहज विचारलं.

"काय वाटणार! दोनदा चष्मा पुसला मी. त्याला कुणी तेरावर टाकेल असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं."

"हं," आयव्ही म्हणाली. "उद्या अकराला बॉयलरच्या खोलीत ये. बूट पुसून ये."



---

रविवारी सकाळी धुकं आणखी दाटलं. सामना होणार की नाही हेही कुणाला सांगता येईना. बॉयलरच्या खोलीत वाफ होती, साबणाचा वास होता, आणि दोरीवर पंधरा जर्स्या एका ओळीत टांगलेल्या होत्या. बारमधल्या स्वयंपाकघरात कर्स्टी एल्सीबरोबर बसली होती. कालपासून तिने एकदाच तोंड उघडलं होतं. बाबा कुठंय, एवढंच विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही, मग तिने परत विचारलं नाही.

सार्जंट हॉइल दाराला टेकून उभा होता. टॅटरसॉल टबावर बसला. अर्नी आत आला, हॉइलला पाहून थबकला आणि मग इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. बूट पुसलेले होते.

"मी शिकलेली नाही," आयव्ही म्हणाली. "मला नंबर कळतात. एकवीस वर्षं मी नंबरच धुतलेत. म्हणून मी नंबरांनीच सांगते."

तिने दोरीवरच्या नऊ नंबरवर हात ठेवला.

"पत्र आलं बारा दिवसांपूर्वी. त्या मंगळवारी ग्लेन नऊवर होता. तेरावर डग्लस होता, आणि डग्लसचं हाड शाबूत होतं. ते मोडलं पुढच्या रविवारी. ग्लेन तेरावर गेला गुरुवारी संध्याकाळी. त्याआधी कुणालाच माहीत नव्हतं. गॉर्डनला सहाला कळलं. अर्नी म्हणतो, त्याने दोनदा चष्मा पुसला."

"मग?" हॉइलने विचारलं.

"मग त्या मंगळवारी आल्याबरोबर ग्लेनचं पत्र कुणी तेराच्या खणात कसं ठेवेल? तिथं डग्लसची पट्टी होती. अर्नी, पट्ट्या तूच लावतोस. डोळे मिटून ठेवलं असतंस तरी तुझा हात नऊकडेच गेला असता."

अर्नीने ओठांवरून जीभ फिरवली. "बोलताना चुकलं माझं. नऊच म्हणायचं होतं."

"नाही चुकलं. तू खोटं रचत होतास, आणि रचताना डोळ्यांपुढे गुरुवारचे खण आणलेस. कारण गुरुवारपासून तुझ्या डोक्यात तेरा सोडून दुसरं काही नाही. दुसऱ्या कुणाच्या पत्राबद्दल खोटं बोलला असतास तर चुकला नसतास. ग्लेन कुठल्या नंबरवर आहे हे तुला एक क्षणभरही विसरता येत नाही, म्हणून चुकलास."

"एवढ्यावरून..." टॅटरसॉल म्हणाला.

"एवढ्यावरून नाही, गॉर्डन. गप बस जरा." ती भावाकडेच बघत होती. "गुरुवारी तू बारमध्ये ओरडलास, गिऱ्हाईक बघायला येणाराय. सगळे हसले, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी हसले नाही. ग्लेनला मे महिन्यात हल शहरातले लोक घेतायत, हे तिघांना माहीत होतं. ग्लेनला, मला आणि वकिलाला. वकील त्याची चिठ्ठी एकाच लिफाफ्यात घालणार होता. मी तुला सांगितलं नाही. ग्लेनने सांगितलं नाही. मग तुला कुणी सांगितलं, अर्नी?"

बॉयलर आत कुठेतरी खडखडला.

"त्या खिडकीच्या लिफाफ्याने सांगितलं," आयव्ही म्हणाली. "लोकांची पत्रं तू उघडत नाहीस म्हणालास. हे एक उघडलंस."

"पुरावा नाही," अर्नी पुटपुटला. "लिफाफा कुठंय? दाखवा."

"मी तुझ्या घरी गेले नाही. जायची गरजही नाही." तिचा आवाज आणखी खाली आला, आणि हॉइलला जाणवलं की ही बाई ओरडते तेव्हाच बरी. "ज्याच्यावर ग्लेनचं नाव आहे असा कागद तू आजवर फेकलेला नाहीस. सामन्याची फाटकी तिकिटं, इस्पितळाची पट्टी, काही नाही. हा कागद तू जाळायला घेतला असशील, काडीही पेटवली असशील. आणि मग तुझ्याने झालं नसेल. वही तुझ्या कोटात आहे. तू ती कुठंच ठेवत नाहीस. टेबलावर ठेव."



अर्नीने कोटाची बटणं काढली. वही काढली. शेवटच्या पानावर, गेल्या महिन्याच्या सामन्याच्या फोटोशेजारी, चारी कोपऱ्यांना नीट गोंद लावून खाकी लिफाफा डकवलेला होता.

हॉइलने पुढे होऊन तो उघडला. आत कोर्टाचा कागद, आणि त्याला टाचलेली वकिलाची चिठ्ठी.

"आयव्ही..." अर्नी म्हणाला. "तो चालला होता गं. सहा वर्षं मी प्रत्येक रविवारी त्या फाटकावर उभा राहिलोय. मला वाटलं, तारीख चुकली की हलचे ते लोक कंटाळतील. कोर्टाच्या भानगडीतला माणूस नको म्हणतील. मग तो इथंच राहील. दंड झाला असता तर मी भरणार होतो. घड्याळ विकून भरला असता. तुरुंगाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. देवाशपथ."

आयव्हीने हॉइलच्या हातातून कागद घेतला आणि त्याच्यासमोर धरला. मधोमध दोन ओळी लाल शाईत छापलेल्या होत्या.

"मला नीट वाचता येत नाही, तरी लाल शाईत तुरुंगाचंच लिहितात ते कळतं," ती म्हणाली. "तुला तर वाचता येतं. मी शाळा सोडली म्हणून तुला येतं. वाच."

अर्नीने तोंड फिरवलं.

"वाचलं होतंस," आयव्ही म्हणाली. "तेव्हाच वाचलं होतंस. आणि काल त्याला नेल्यावरही गप्प बसलास. काल जेवायला आला नाहीस, कारण ती पोर माझ्याकडे येणार हे तुला माहीत होतं."

टॅटरसॉल उठून खिडकीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. आजवर कधी नव्हे ते त्याने त्या खोलीत सभ्यपणा दाखवला.

"मावशी," हॉइल म्हणाला, "मला त्याला ठाण्यात न्यावं लागेल. दुसऱ्याचं पत्र दाबणं हा गुन्हा आहे. जबाब आजच लिहून घेतला तर तो सोमवारी सकाळी जज्जांपुढे जाईल. ग्लेन उद्याच्या उद्या सुटेल."

"ने. पण पाच मिनिटं थांब."

ती भावाजवळ गेली. त्याच्या कोटाची बटणं एकेक करून लावली, वरपासून खालपर्यंत, लहानपणी शाळेत पाठवताना लावायची तशी. मग हात मागे घेतले.

"ऐक अर्नी. उद्या दहाला तू जज्जासमोर उभा राहून सगळं तोंडाने सांगशील. मी तुझ्याशेजारी उभी राहीन, कारण तुला वाढवलाय मी, आणि तुझं काही असलं तर ते माझ्याही पदरात आहे. जज्ज जी शिक्षा देईल ती भोगशील, आणि मी डबा घेऊन येईन. ग्लेनला हल शहराला जायचं असेल तर त्याच्या पेट्या तू स्टेशनपर्यंत उचलशील. पण हे सगळं उद्याचं. आजचं एकच आहे. ती पोर कालपासून विचारतेय, बाबा कुठंय, आणि या अख्ख्या गावात त्याचं खरं उत्तर एकट्या तुझ्याकडे आहे. पलीकडे बसलीय ती. जा. तिच्या डोळ्यांत बघ आणि सांग तिला, तिचा बाप कुणी आत घातला."